सारंगी आणि यादी

यंदाची आखाजी ३० एप्रिलला आली. त्याआधी आठ दिवस, २२ एप्रिलला, पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात सव्वीस माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती: डोंबिवलीची तिघं, पुण्याची दोघं, पनवेलचा एक. आमच्या घरी आखाजी तशीही नेहमीची नव्हती. माय माघात गेली होती. पितरांच्या घागरीपुढे यंदा तिचं नाव आलं आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधला नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की, धुळ्यात लागणाऱ्या खाजगी एफएमवरून काही आवाज गळाले आहेत. मी रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात वाढलो. कुठलं स्टेशन दिवसातून कितीदा कुणाला वाजवतं, हे मोजायची खोड जुनी आहे. राहत फतेह अली खान रोज ऐकू यायचा, तो यायचा थांबला. आतिफ अस्लमही. निवेदकाने याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या जागी दुसरी गाणी आली आणि जाहिराती नेहमीच्याच राहिल्या.

हा लेख त्या गळालेल्या गाण्यांबद्दल आहे. राष्ट्रावर घाव पडला की रेडिओ काही गाणी वाजवायची टाळतो. ही चाल जुनी आहे, पण ती एकच चाल नाही. मी ऐकलेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिच्यात मोठा पालट झाला आणि त्याची चर्चा कुठे फारशी झालेली दिसत नाही.

पहिली आठवण १९८४ सालची. मी चौदा वर्षांचा, जळगावात मामाच्या दुकानात शाळा सुटल्यावर बसायचो. ३१ ऑक्टोबर, बुधवार. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्याची बातमी दुपारपर्यंत पेठेत फिरली होती. आकाशवाणीने मृत्यूची घोषणा केली ती संध्याकाळी. त्याआधीच मामाने शॉर्ट वेव्हवर बीबीसी लावलं होतं आणि दुकानापुढे पन्नासेक माणसं उभी होती. बुधवार म्हणजे रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला. एरवी त्या वेळेला मामाच्या दुकानापुढे सायकली लावायला जागा नसायची. त्या रात्री कुणी सुई तिकडे नेली नाही. मामाने सांगितलं नव्हतं आणि सरकारने तर नव्हतंच. सिलोन परदेशातलं स्टेशन, त्याला आपला दुखवटा लागू नव्हता. तरी पंधरा-वीस दुरुस्त झालेले ट्रान्झिस्टर फळीवर गप्प बसले होते.

मग सारंगी सुरू झाली. आमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. सकाळी रेडिओ लावला आणि सारंगी किंवा संथ सनई लागली की घरातलं मोठं माणूस विचारायचं, कोण गेलं? बातम्या, भजनं, रामधून, पुन्हा सारंगी. सिनेमाची गाणी नाहीत, लोकगीतं नाहीत, कामगारांसाठीचा करमणुकीचा कार्यक्रम नाही. त्या वर्षी सरकारी दुखवटा बारा दिवसांचा होता आणि तुळशीची लग्नं नेमकी त्यात आली. आमच्या गल्लीत मंगलाष्टकं झाली, पण लाउडस्पीकर लागला नाही.

दुकानात एक गंमत झाली, ती सांगतो. दुरुस्त झालेला रेडिओ गाण्यावर तपासायची मामाची पद्धत होती. गाण्यात ढोलकी असते, बासरी असते, माणसाचा आवाज असतो. खालचा, वरचा सगळा सूर येतो. त्या बारा दिवसांत तपासायला फक्त सारंगी. मामा म्हणायचा, हे बरंच आहे. सारंगी स्पीकरचा फाटलेला कागद झाकत नाही. गाण्याच्या गर्दीत जो खरखराट कानाआड होतो, तो सारंगीवर लगेच उघडा पडतो. त्या पंधरवड्यात त्याने तीन गिऱ्हाइकांचे रेडिओ परत उघडून स्पीकर बदलले.

या सारंगीचं मला पुढे नवल वाटू लागलं ते दुसऱ्या कारणाने. तिने कुठल्याही गाण्यावर ठपका ठेवला नव्हता. प्रेमाचं गाणं वाईट म्हणून काढलं नाही, अमुक गायक नको म्हणून काढला नाही. सगळीच गाणी बाजूला ठेवली, चांगली-वाईट, लता-रफी, मराठी-हिंदी. तेराव्या दिवशी सगळी परत आली आणि कुणाच्याच कपाळावर डाग नव्हता. घरातही आपण असंच करतो. कुणी गेलं की तळण करत नाही. भज्यांनी गुन्हा केलेला नसतो.

पण जुनं ते सोनं म्हणून मी इथे थांबलो तर ते खोटं होईल. सारंगी कुणासाठी वाजायची? पदासाठी. राष्ट्रपती, पंतप्रधान, फार मोठा नेता. ३१ ऑक्टोबरनंतर जेमतेम महिन्याने, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळमध्ये वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. आमच्या भुसावळहून निघालेली गाडी खंडवा-इटारसीवरून भोपाळला जाते; खानदेशातल्या कितीतरी घरांचे नातेवाईक तिकडे. त्या आठवड्यात मामाच्या दुकानात विविध भारतीवर गाणी चालू होती, हे मला स्वच्छ आठवतं, कारण एका गिऱ्हाइकाने चिडून विचारलं होतं की, ही माणसं माणसं नव्हती का? मामाकडे उत्तर नव्हतं.

आणि सारंगीने सगळंच शांत केलं असंही नाही. तीन मूर्ती भवनात इंदिराजींचं पार्थिव ठेवलं होतं, तिथून दूरदर्शन थेट दाखवत होतं. खुनाचा बदला घेण्याच्या घोषणा त्या प्रक्षेपणातून देशभर गेल्या, हे पुढे अनेकांनी नोंदवलं आहे. दिल्लीत शिखांची कत्तल चालू होती. गाणी थांबवायची काळजी घेणाऱ्या यंत्रणेच्या हातून घोषणा सुटल्या.

सारंगीची सर्वांत विचित्र गोष्ट मात्र १९७९ सालची आहे. मार्च महिना. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम थांबवले, शाळा-दुकानं बंद होऊ लागली. जेपी जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. म्हणजे एका माणसासाठी देशाने दोनदा सारंगी ऐकली. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. आमच्या मास्तरांनी शाळा सोडली आणि आम्ही घरी पोचेपर्यंत रेडिओवर खुलासा आला, एवढं आठवतं. दुखवटा मागे घेतल्यावर पहिलं गाणं कोणतं वाजवलं असेल, त्या ड्यूटीवरच्या माणसाने कोणती तबकडी उचलली असेल, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

या प्रश्नाला उत्तर शोधायला कागद नाहीत, ही या विषयातली मुख्य अडचण. आकाशवाणीची कार्यक्रमपत्रिका पंधरवडा आधी छापली जायची. तिच्यात दुखवट्याच्या दिवशीही ठरलेली गाणी ठरल्या वेळेला छापलेली असतात. पुढे कुणी अभ्यासक नुसती पत्रिका बघून लिहील की, १ नोव्हेंबर १९८४ ला अमुक वाजता चित्रपटगीतं झाली. जे वाजलं नाही, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून या लेखात माझ्या कानांवर जेवढा भर आहे, तेवढा संशोधनपर लेखात असू नये हे मला कळतं. पण दुसरा पुरावा आणू कुठून?

सारंगीहून वेगळी चाल म्हणजे यादी. सगळं थांबवायचं नाही, निवडून थांबवायचं.

आपल्याकडे तिचा ठळक नमुना आणीबाणीतला. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारात सहकार्य करायला किशोरकुमारने नकार दिला आणि मे १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून काढली गेली. विद्याचरण शुक्ल तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. शहा आयोगापुढे हे प्रकरण आलं. किशोर खंडव्याचा, आमच्या रेल्वेमार्गावरचा, भुसावळपासून काही तासांच्या अंतरावरचा. इकडे त्याच्याकडे घरचा माणूस म्हणून बघत. ही काही दुखवट्याची गोष्ट नव्हे, शिक्षेची आहे, म्हणून ती इथे फार ताणत नाही. पण एक ध्यानात घेण्यासारखं आहे. गायकाच्या नावाने यादी केली की गाणं लिहिणारा, चाल लावणारा, सोबत गाणारी, व्हायोलिन वाजवणारे पन्नास जण, सगळे तिच्यात आपोआप जातात. गाणं एकाचं नसतंच.

परदेशात यादी शब्दांवरून झाली. १९९१ च्या आखाती युद्धात बीबीसीच्या रेडिओ केंद्रांसाठी ६७ गाण्यांची यादी निघाली होती. तिच्यात आबा या स्वीडिश गटाचं ‘वॉटर्लू’ होतं, कारण वॉटर्लू ही लढाई. लुलूचं ‘बूम बँग-अ-बँग’ होतं, जे प्रेमाने धडधडणाऱ्या काळजाचं गाणं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत क्लिअर चॅनल या हजाराहून जास्त केंद्रं असलेल्या कंपनीत सुमारे १६५ गाण्यांची यादी फिरली. ही बंदी नाही, विचार करून वाजवा एवढंच, असं कंपनीने म्हटलं. तिच्यात विमानाचा उल्लेख असलेली गाणी होती, हे समजू शकतं. ज्याचं माणूस त्या विमानात गेलं, त्याला ते ऐकवू नये. पण जॉन लेननचं ‘इमॅजिन’ही होतं, जे शांततेचं गाणं म्हणून जग ओळखतं. आणि सिनात्राचं ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ होतं. ज्या शहराला त्या घडीला आपलं गाणं हवं असेल, त्याचंच गाणं.

या दोन याद्या वाचताना मला त्या करणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो दुष्ट नाही. कचेरीत घाईत बसलेला, श्रोत्यांचे फोन येतील म्हणून धास्तावलेला माणूस आहे. तो गाण्याचं नाव वाचतो, एखादा शब्द हेरतो आणि फुली मारतो. गाणं ऐकत नाही. टीकाकार म्हणून माझी पहिली तक्रार हीच आहे. शब्द धोक्याचा आहे की नाही, हे चालीवर ठरतं, कोण कुणाला म्हणतंय यावर ठरतं. आमच्याकडे लग्नात बायका व्याह्यांना उद्देशून ज्या शिव्या गाण्यातून देतात, त्या कागदावर लिहून यादी करणाऱ्याच्या हाती दिल्या, तर तो पोलिसांना बोलावील.

आता यंदाच्या यादीकडे येतो. ती ना गायकाच्या वागण्यावरून होती, ना शब्दांवरून. ती मुळावरून होती.

८ मे २०२५ ला केंद्र सरकारने ओटीटी आणि गाणी ऐकवणाऱ्या सेवांना सूचना दिली: ज्यांचं मूळ पाकिस्तानात आहे अशा मालिका, चित्रपट, गाणी, पॉडकास्ट बंद करा. मेच्या सुरुवातीलाच पलीकडे पाकिस्तानातल्या प्रसारकांच्या संघटनेने तिथल्या एफएम केंद्रांवरून भारतीय गाणी काढली होती. म्हणजे तिकडचे श्रोते लता आणि रफीला मुकले, इकडचे राहतला. हे नवंही नव्हतं. पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, टी-सीरिजने राहत आणि आतिफची गाणी यूट्यूबवरून उतरवली होती.

बाजू मांडायची तर पूर्ण मांडली पाहिजे. बहिष्कार हे राजकीय हत्यार आहे आणि ते वापरण्याचा राष्ट्राला हक्क आहे. विदेशी कापडाच्या होळ्या आपणच केल्या. गाण्याचा पैसा पलीकडे जाऊ नये असं कुणी म्हटलं तर तो वाद हिशेबाचा आहे आणि हिशेबाने घालता येतो. डोंबिवलीच्या त्या घरांपुढे उभं राहून कलेला सीमा नसते असं वाक्य टाकायची माझी छाती नाही. ते वाक्य मला तसंही आवडत नाही; कलेला सीमा असतात, भाषेच्या असतात, जातीच्या असतात, आम्ही अहिराणी बोलणाऱ्यांनी त्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

माझा आक्षेप इतकाच की, याला दुखवटा म्हणू नये. दुखवट्यात माणूस स्वतः गप्प होतो. इथे आपण गप्प झालोच नाही. माझ्या नोंदवहीत त्या मेमधल्या एफएमच्या तासाला पूर्वीइतकीच गाणी आहेत, नाचाची आहेत, विनोदही आहेत. फक्त काही आवाज त्यातून उचलले गेले. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापुरतीच मोकळीक आहे. म्हणजे झालेल्या घटनेबद्दल काही म्हणायचं तर त्यांच्या हातात गाणंच उरतं. एखाद्या केंद्राने एक दिवस, एक तास नुसती सारंगी लावली असती, तर ते म्हणणं ऐकू आलं असतं. गुपचूप गाळलेलं गाणं कुणाला ऐकू येणार? माझ्यासारखा मोजत बसलेला सोडला तर कुणाला कळलंही नसेल.

आणि ते मूळ. ‘इश्किया’ हा २०१० चा हिंदी चित्रपट. त्यातलं राहतचं गाणं गुलजारांनी लिहिलं, विशाल भारद्वाजांनी बांधलं. त्याचं मूळ कुठे? गुलजारांचा जन्म झेलम जिल्ह्यातल्या दीनाचा, आज ते गाव पाकिस्तानात आहे. नूरजहाँने ‘अनमोल घडी’साठी नौशादच्या चालींवर गाणी गायली तेव्हा साल १९४६, पाकिस्तान जन्माला यायचं होतं. ती पुढे तिकडे गेली म्हणून मुंबईत झालेलं ते ध्वनिमुद्रण पाकिस्तानी झालं का? यादी करणाऱ्याला असले प्रश्न परवडत नाहीत. म्हणून मेच्या मध्यास वेगळाच तमाशा झाला. ‘रईस’ आणि ‘सनम तेरी कसम’च्या गाण्यांची चित्रं ऑनलाइन सेवांवर बदलली. माहिरा खान आणि मावरा होकेन या नट्या चित्रातून गेल्या, शेजारचा भारतीय नट एकटा राहिला. गाणं मात्र तेच वाजत होतं. जो दिसतो त्याला काढलं.

रेश्मा याच घोळात सापडते आणि माझ्या घरचा विषय तोच आहे. रेश्माचा जन्म राजस्थानातला, बंजारा कुटुंबातला. फाळणीनंतर तिचं कुटुंब पाकिस्तानात गेलं. १९८३ च्या ‘हीरो’ चित्रपटात तिने विरहाचं एक गाणं म्हटलं. शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. आमची माय चाळीसगाव तालुक्यात वाढली, शेजारी तांडा होता. रेश्माचा आवाज रेडिओवर आला की ती म्हणायची, ही आपल्या तांड्यावरची बाई आहे. तिला पाकिस्तान वगैरे सांगून उपयोग नव्हता. ती ऐकायची तो आवाज फाटका, कुठेही गुळगुळीत न केलेला, आणि तसा आवाज तिने लहानपणी शेताच्या बांधावर ऐकला होता. संगीताची जाण म्हणतात ती हीच असावी असं मला वाटतं, आणि ‘मूळ’ या शब्दाची जाण सरकारी सूचनेपेक्षा तिला जास्त होती.

आखाजीचं एक वैशिष्ट्य खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. त्या दिवशी सकाळी पितरांना घागर आणि आगारी असते, पुरणपोळी-सांजोरीचा नैवेद्य असतो. मेलेल्यांचा तो दिवस. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, गौराईची, भावाची, सासरच्या जाचाची. दोन्ही एकाच अंगणात. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे सण साजरा होत नाही, पण नातेवाईक येतात, कापड आणतात, तोंड गोड करतात आणि घरातल्यांना पुन्हा माणसांत आणतात. दुखवटा घरच्यांनी स्वतः संपवायचा नसतो, दुसऱ्यांनी येऊन काढायचा असतो. सरकारी दुखवट्याला शेवटची तारीख असते, असा काढणारा माणूस नसतो. यादीला तर तारीखही नसते. पुलवामानंतर गळालेले आवाज केव्हा परत आले, ते कुणी जाहीर केलं नाही. हळूच आले, आणि हळूच परत गेले.

आखाजीला आलेली बहीण यंदा आठवडाभर जास्त राहिली. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा फौजेत आहे, तेव्हा त्याचं ठाणं सीमेकडे होतं. त्याची आई दिवसभर मोबाइल हातात धरून ओसरीत बसायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण म्हणाली, “भाऊ, मायनं गानं लाय ना.” कॅसेट माझ्याकडे होती. टेपरेकॉर्डर मीच दुरुस्त केलेला. कॅसेट घातली, गाण्याच्या जागेपर्यंत पुढे पळवली, आणि मग उठून ओसरीकडची खिडकी लावून घेतली. आवाज अगदी लहान केला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही.

ती खिडकी मी शेजारणीच्या काळजीपोटी लावली की भीतीपोटी, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. लेख लिहिताना पुन्हा प्रयत्न केला, अजून जमलेलं नाही. गाणं संपल्यावर बहिणीने कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावली. तिथे मायने आवाज भरून ठेवला होता, झोक्यावरचं एक गाणं, मध्येच कुणाला तरी चुलीकडे बघ म्हणून ओरडलेली. ते ऐकायला खिडकी उघडली.